नावात बुरशी, अंगावर चट्टा : त्वचेच्या एका विरळ कर्करोगाचा आढावा

कागल काय, मुरगूड काय, निपाणी काय, औषधाच्या दुकानात जाऊन "नायट्यावर एखादी ट्यूब द्या" म्हणणारा माणूस रोज दिसतो. हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात : एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं जोरकस स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात लाली उतरते, आणि ट्यूब संपली की महिन्याभरात चट्टा पुन्हा उगवतो. बहुतेकांचा तो खरोखरच नायटा असतो, नाहीतर इसब. मोजक्या माणसांत मात्र तो वेगळाच निघतो : त्वचेत मुक्कामाला आलेल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. त्याला मायकोसिस फंगॉइड्स म्हणतात. नावातही बुरशीच आहे, पण या रोगाचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही.

या रोगाची चाल संथ आहे. तो ओळखायला आपण फार वेळ लावतो आणि ओळखल्यावर उपचारांची फार घाई करतो. दोनशे वर्षांत जमलेल्या माहितीचं सार काढायचं तर ते एवढंच निघतं, आणि रुग्णाचं नुकसानही याच दोन टोकांना होतं.

अळंबीपासून टी-पेशीपर्यंत

1806 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झां-लुई अलिबेर या त्वचारोगतज्ज्ञाने एका रुग्णाचं वर्णन केलं. आधी अंगभर चट्टे, मग त्यांतून उठलेल्या गाठी. गाठी दिसायला अळंब्यांसारख्या होत्या, म्हणून 1832 मध्ये त्याने हे नाव दिलं आणि ते चिकटलं ते आजतागायत. 1870 मध्ये बाझाँने रोगाचे तीन टप्पे मांडले : सपाट चट्टा, जाडसर चकती आणि गाठ. 1938 मध्ये आल्बेर सेझारीने अंग लालभडक होणाऱ्या, सतत खाजणाऱ्या रुग्णांच्या रक्तात विचित्र मोठ्या पेशी दाखवल्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या केंद्रकाला मेंदूसारख्या वळ्या दिसल्या. 1970 च्या दशकात कळलं, की या पेशी शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींच्या कुळातल्या आहेत. तेव्हापासून या सगळ्या कुटुंबाला 'त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा' म्हणू लागले.

लिम्फोमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी येतात. इथे उलटं आहे. रोगाची सुरुवात त्वचेत होते, तो बहुधा त्वचेतच राहतो, आणि लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचला तरी फार उशिरा पोहोचतो.

किती जणांना होतो

पाश्चात्त्य देशांत त्वचेत सुरू होणाऱ्या सगळ्या लिम्फोमांचं प्रमाण लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक धरलं जातं. त्यांतले तीन चतुर्थांश टी-पेशींचे असतात, आणि टी-पेशींच्या लिम्फोमांत निम्म्याहून अधिक मायकोसिस फंगॉइड्स असतो. पुरुषांत तो बायकांपेक्षा जास्त दिसतो. निदानाचं नेहमीचं वय पन्नाशी-साठीचं असतं.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. सावळ्या त्वचेत या रोगाचा एक फिकट प्रकार बराच आढळतो. त्यात लाल चट्टे दिसत नाहीत, पांढुरके डाग दिसतात. तो तरुणांत, इतकंच काय मुलांतही येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. उदय खोपकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 15 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आकडा लहान वाटेल, पण विरळ रोगांचं ज्ञान असंच मूठ-मूठ जमत जातं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी महाराष्ट्रातल्या रुग्णालयात बसून सांगितलं, की हा पांढुरका डाग नेहमीच कोड, शिबं किंवा कुष्ठाचा नसतो. ही गोष्ट पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून आपल्याला इतक्या ठसठशीतपणे कळली नसती.

रोगाचं कारण अजून सापडलेलं नाही. हा संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच अंथरुणात झोपल्याने होत नाही, आणि सहसा पिढ्यान्‌पिढ्याही चालत येत नाही. कागल पट्ट्यात कुठलाही आजार झाला की उसावरची फवारणी, कारखान्याचं पाणी, निपाणीची तंबाखू यांच्याकडे बोट जातं. या रोगाच्या बाबतीत त्यांतल्या कशाचाही पुरावा नाही. जपानच्या दक्षिण भागात एका विषाणूमुळे होणारा टी-पेशींचा कर्करोग आहे. तो त्वचेत दिसतो म्हणून याच्याशी गल्लत होते, पण तो रोग वेगळा.

कपड्याआडचा रोग

मायकोसिस फंगॉइड्सचे चट्टे उन्हापासून झाकलेल्या जागी येतात : नितंब, मांड्यांचा वरचा भाग, कंबर, काखेजवळची बाजू, स्तनांखाली. उन्हातले अतिनील किरण या पेशींना दाबून ठेवतात, असा त्याचा अर्थ लावतात. दिवसभर उसाच्या रानात राबणाऱ्या माणसाचं तोंड, मान, हात रापून काळे झालेले असतात आणि तिथे काही नसतं. चट्टे असतात ते चड्डीखाली, परकराखाली. तपासणीच्या खोलीत तो बाही वर करून दाखवतो, डॉक्टर तेवढंच बघतात, आणि खरी जागा झाकलेलीच राहते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांनाही त्वचेचा त्रास होतो. पण कूलंट आणि तेलाने होणारा इसब हातांवर, मनगटांवर, म्हणजे जिथे वस्तू लागते तिथे येतो. बायकांत परकराच्या नाडीचा काच कमरेभोवती पट्ट्यासारखा उमटतो. मायकोसिस फंगॉइड्सला असं बाहेरचं कारण दाखवता येत नाही. त्याचे चट्टे आकाराने वेडेवाकडे, एकापेक्षा एक वेगळे, बारीक सुरकुतलेल्या सिगारेटच्या कागदासारखे पातळ, कधी किंचित खवले धरलेले असतात. खाज असते, पण नायट्याइतकी नेमाने नाही. नायटा कडेने पसरतो आणि मधोमध निवळतो. हा चट्टा वर्षानुवर्षं जवळपास तिथेच बसून राहतो.

फिकट प्रकाराची गोष्ट आणखी नाजूक आहे. कोल्हापुरात शेंडा पार्क म्हटलं की जुन्या माणसांना अजून कुष्ठधाम आठवतं, आणि आशाताई घरोघर येऊन फिकट चट्टे शोधतात ते कुष्ठरोगासाठीच. तो शोध हवाच. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, घाम कमी येतो, केस विरळ होतात. मायकोसिस फंगॉइड्सच्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत असतो. कोडाचा डाग चुन्यासारखा पांढराफेक होतो, हा फक्त फिका पडतो. शिबं मानेवर, छातीवर येतात आणि बुरशीच्या औषधाने जातात. कुष्ठाची गोळी, कोडाचं तेल आणि शिब्याचं मलम असे तिन्ही प्रयोग होऊनही डाग हलत नसेल, तर चौथा विचार करायलाच हवा.

पुढच्या टप्प्यात चट्टे जाड होतात, हाताला लागतात. काही जणांत गाठी येतात, फुटतात, चिघळतात. एका उपप्रकारात पेशी केसांच्या मुळांभोवती जमतात : भुवया विरळ होतात, तोंडावर पुळ्या येतात, खाज जबरदस्त असते. सेझारीच्या प्रकारात तर सारं अंग लाल होतं, तळवे भेगाळतात, थंडी वाजते, रात्र रात्र झोप नसते.

निदानाला वर्षं का लागतात

वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या नोंदींत पहिल्या चट्ट्यापासून निदानापर्यंत साधारण तीन वर्षं गेलेली दिसतात. तीही युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ केंद्रांत. याला फक्त हलगर्जी जबाबदार नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सूक्ष्मदर्शकाखालीही हा रोग इसबासारखाच दिसतो. विकृत पेशी थोड्या आणि साध्या दाहाच्या पेशी खूप, अशा गर्दीत चोर ओळखायचा असतो. या पेशी त्वचेच्या वरच्या थरात शिरतात, तिथे ओळीने उभ्या राहतात, कधी लहान घोळके करतात. त्या घोळक्यांना पोत्रिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाचं नाव आहे. दिसले तर निदान सोपं होतं, पण सुरुवातीला ते बऱ्याचदा नसतातच. मग पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा पाहतात आणि सगळ्या टी-पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत का, ते जनुकीय चाचणीने तपासतात.

त्यामुळे एका बायोप्सीत 'इसबासारखे बदल' असं आलं, तर ते शेवटचं उत्तर धरायचं नसतं. वेगवेगळ्या चट्ट्यांचे दोन-तीन तुकडे घ्यावे लागतात, काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागतात. तुकडा चार-पाच मिलिमीटरचा, जागा बधिर करून घेतलेला, वर एखाददुसरा टाका. बायोप्सीला सुई लागली की कॅन्सर पसरतो, हा आपल्याकडचा समज इथे निराधार आहे.

खरा घोळ ट्यूबने होतो. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यातल्या पेशी तात्पुरत्या विरतात, आणि नेमका तोच तुकडा तपासायला गेला तर अहवाल गुळमुळीत येतो. म्हणून बायोप्सीआधी दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवायला सांगतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची असलेली सवलत काढून घेतली. कागदावर नियम आला, पण काउंटरवरची सवय तेवढ्याने मोडली नाही. अलीकडे इसबावर डुपिलुमॅबसारखी महागडी इंजेक्शनं आली आहेत. त्यांनी 'इसब' बरा व्हायच्या ऐवजी भडकला आणि मूळ रोग हा लिम्फोमाच होता असं निघालं, अशी उदाहरणं जगभरातून नोंदली गेली आहेत. मोठ्या वयात पहिल्यांदाच इसब आला असेल, तर असं औषध सुरू करण्याआधी बायोप्सी करावी, हा धडा त्यातून मिळाला.

तळहाताने मोजायचं भविष्य

कर्करोग म्हटलं की पहिला प्रश्न येतो : किती दिवस? या रोगात उत्तर बहुतेकांना दिलासा देणारं आहे, आणि ते मोजायचं माप रुग्णाच्या अंगावरच आहे. बोटांसकट स्वतःचा तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. चट्टे दहा तळहातांपेक्षा कमी जागेत असतील, तर पहिल्या टप्प्याचा पहिला भाग. दहा किंवा जास्त, तर दुसरा भाग. गाठ आली, अंग लाल झालं, ग्रंथीत किंवा रक्तात पेशी सापडल्या, की टप्पा वर चढतो.

2010 मध्ये लंडनच्या केंद्राने आपल्या 1502 रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या टप्प्याच्या पहिल्या भागात 94 टक्के आणि दुसऱ्या भागात 84 टक्के होतं. गाठी आलेल्यांत ते 47 टक्क्यांवर आलं, आणि ग्रंथीत किंवा आतल्या अवयवांत रोग गेलेल्यांत 18 टक्क्यांवर. पहिल्या टप्प्याच्या पहिल्या भागातल्या शंभरांपैकी आठच जणांचा रोग पाच वर्षांत पुढे सरकला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासातही असंच दिसलं : थोड्या जागेत चट्टे असलेल्यांचं आयुर्मान त्यांच्या वयाच्या इतर लोकांइतकंच होतं. म्हणजे बहुतेक रुग्ण या रोगासोबत म्हातारे होतात.

पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी कुणाला जास्त धोका, हे 2015 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने चार खुणांनी सांगितलं : चौथा टप्पा, साठीपुढचं वय, पेशी मोठ्या आणि आक्रमक होणं, आणि रक्तातलं एलडीएच नावाचं विकर वाढणं. मृत्यू आला तर तो बऱ्याचदा चिघळलेल्या त्वचेतून रक्तात गेलेल्या जंतूंमुळे येतो. त्यामुळे जखमांची स्वच्छता आणि जंतुसंसर्गाकडे वेळेवर लक्ष हासुद्धा कर्करोगाचाच उपचार आहे.

या कुटुंबातल्या भावंडांचे स्वभाव मात्र टोकाचे वेगळे आहेत. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिसमध्ये पुळ्या येतात, पिकतात आणि आपोआप जातात. त्याने जवळपास कुणी दगावत नाही. सेझारीच्या प्रकारात पाच वर्षं ओलांडणारे एक तृतीयांशाच्या आसपास. चरबीच्या थरात होणारा एक प्रकार तरुण मुलींच्या मांड्यांवर, दंडांवर दुखऱ्या गाठी आणि ताप घेऊन येतो. त्याला टीबी किंवा ल्युपस समजून औषधं दिली जातात. 2018 मध्ये त्यातल्या अनेक रुग्णांत एका जनुकाचा जन्मजात दोष सापडला, आणि तो आशियाई वंशाच्या लोकांत जास्त दिसतो. हा प्रकार केमोऐवजी स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिनने आटोक्यात येऊ शकतो, म्हणून अचूक नावाला इथे फार किंमत आहे.

थोडं पुरे

1989 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 103 रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एकाला सुरुवातीलाच सगळ्या त्वचेला इलेक्ट्रॉन किरण आणि जोरकस केमो, दुसऱ्याला आधी फक्त वरून लावायची औषधं आणि गरज पडेल तसं पुढे. पहिल्या गटात चट्टे जास्त जणांचे पूर्ण गेले, 38 टक्क्यांचे. दुसऱ्यात 18 टक्क्यांचे. पण आयुष्याच्या लांबीत काहीच फरक पडला नाही, आणि त्रास पहिल्या गटाने जास्त भोगला. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग कदाचित हाच. तेव्हापासून जगभरचा रिवाज ठरला : आधी त्वचेपुरतं, मग सौम्य गोळ्या, आणि अगदी शेवटी तोफा.

त्वचेपुरतं म्हणजे जोरकस स्टेरॉइड मलम. हो, तेच! पण निदान झाल्यावर, नेमक्या जागी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याशिवाय प्रकाशोपचार. 311 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्यांसमोर आठवड्यातून दोन-तीनदा उभं राहायचं असतं. फिकट प्रकाराचे डाग, विशेषतः मुलांचे, याने सुंदर भरून येतात. जाड चट्ट्यांना सोरालेनची गोळी देऊन अतिनील 'ए' किरण देतात. हे सोरालेन आपल्या बावचीतही असतं. आयुर्वेदात कोडावर बावची फार जुनी. पण घरीच बावचीचं तेल लावून उन्हात बसणाऱ्यांची कातडी भाजते. मात्रा आणि वेळ मोजल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

त्यापुढे कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन, बेक्सारोटीन. सगळ्या त्वचेला इलेक्ट्रॉन किरण द्यायला खास तंत्र लागतं आणि ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत आहे. सेझारीच्या प्रकारासाठी रक्त बाहेर काढून, पांढऱ्या पेशींवर प्रकाश पाडून परत देण्याची पद्धत अमेरिकेत 1988 पासून मान्य आहे. नव्या औषधांत ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिनने 2017 च्या चाचणीत 56 टक्के रुग्णांना टिकाऊ प्रतिसाद मिळाला, तर जुन्या औषधांनी 13 टक्क्यांना. त्याची किंमत म्हणजे हातापायांना येणाऱ्या मुंग्या. मोगामुलिझुमॅबने 2018 मध्ये रोग थोपवण्याचा काळ तीन महिन्यांवरून जवळपास आठ महिन्यांवर नेला. दुसऱ्याच्या मूळपेशींचं रोपण केल्याने, 2023 च्या फ्रेंच अभ्यासात, पुढच्या टप्प्यातल्या निवडक रुग्णांचा तोच काळ तीनवरून नऊ महिन्यांवर गेला. पूर्ण बरं होण्याची खरी आशा दाखवणारा आजचा उपचार हाच आहे, आणि सगळ्यात धोक्याचाही.

कागलहून बघताना

हे सगळं वाचून कागलच्या वाचकाला प्रश्न पडेल : यातलं माझ्या हाताशी काय आहे? बरंच आहे. हमरस्त्याने वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सीपीआर रुग्णालय. वाटेतच गोकुळ शिरगावला कॅन्सर सेंटर. निदानासाठी रुग्णाला मुंबईला जावं लागत नाही, बायोप्सीचा मेणातला ठोकळा, ज्याला डॉक्टर ब्लॉक म्हणतात, तेवढा पाठवला तरी चालतो. तो ब्लॉक रुग्णाचा आहे. तो मागून घ्यावा, सातबारा जपतो तसा जपावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठला उपचार बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

अडचण औषधापेक्षा फेऱ्यांची असते. प्रकाशोपचार दोन मिनिटांचा, पण आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने. वडापाचं भाडं, बुडालेला रोज, आणि "कॅन्सर म्हणता, मग केमो का देत नाही?" असं विचारणारे चार पाहुणे. रुग्ण इथे थकतो, उपचार सोडतो, आणि कुठलीतरी ट्यूब परत सुरू होते. उपचार थांबल्यावर रोग परत येण्याची शक्यता मोठी असते. तो परत येणं म्हणजे हार नव्हे, मधुमेहासारखं त्याच्याशी दीर्घकाळ वागायचं असतं. ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, घरच्यांना समोर बसवून सांगायला हवी.

वाचकांना एवढंच सांगणं. कपड्याआडचा एखादा चट्टा किंवा फिका डाग सहा महिने हलत नसेल, दोन ट्यूब संपूनही परत येत असेल, तर तिसरी ट्यूब आणू नका. महिन्याला एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा, त्वचारोगतज्ज्ञाला संपूर्ण अंग दाखवा आणि "याची बायोप्सी करायची का?" असं स्वतःहून विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधंच येईल. आणि नाही आलं, तरी दहा तळहातांच्या आत सापडलेला हा रोग माणसाला त्याचं आयुष्य बहुधा पुरतं जगू देतो.